सध्या तो कशावरून ओरडा खातोय?

परीक्षा संपल्या की आमच्याकडे मुंजीच्या पत्रिका यायला लागतात. नवऱ्याकडचा गोतावळा मोठा, सांगली-मिरजेपासून नाशिक-बदलापूरपर्यंत पसरलेला. पत्रिकेवर 'चि.' लावून ज्याचं नाव असतं त्याला मी शेवटचं पाहिलेलं असतं ते त्याच्या बारशाला. नातं सांगायला गेलं तर 'नणंदेच्या जावेचा नातू' इथपर्यंत जातं. जायचं तर असतंच, आणि रिकाम्या हातानं जायचं नसतं.

शास्त्रात मुंजीला आठवं वर्ष सांगितलंय. प्रत्यक्षात कार्यालयाची तारीख, अमेरिकेतल्या काकाची रजा आणि 'धाकट्याचीही बरोबरच उरकून घेऊ' हे सगळं जुळेपर्यंत बटू पाचवी-सहावीत गेलेला असतो. या वयाला काही द्यायचं म्हणजे महाकठीण काम. सहा वर्षांच्या मुलाला काहीही चालतं. सोळाच्या हातात पैसे ठेवले की झालं. अकरा वर्षांचा मुलगा खेळणं बघून 'मी काय लहान आहे का' असा चेहरा करतो आणि पेनसेट बघून तर चेहराही करत नाही. त्यात मला दोन मुली. मुलग्यांच्या दुनियेत मी तशी पाहुणीच.

पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असतं, ते कुणी मनावर घेत नाही. संध्याकाळी आहेराच्या टेबलाकडे नुसती नजर टाकली तरी कळतं की लोक मुलाला नाही, मुंजीला आहेर करतात. पळी-पंचपात्र-ताम्हण चार घरांकडून. कंपासपेट्या मोजू नयेत इतक्या. पाण्याच्या बाटल्या. भिंतीवरचं घड्याळसुद्धा पाहिलंय मी, अकरा वर्षांच्या मुलाला! शिवाय आमच्या नात्यात रिमोटवर चालणारी एक गाडी आहे, ती मुळात कुणी विकत घेतली होती हे आता कुणालाच आठवत नाही. खोक्याचे कोपरे मऊ पडलेत, पण ती अजून कुणी उघडलेली नाही. एका मुंजीतून दुसऱ्या वाढदिवसाला, तिथून पुढच्या मुंजीला.

आधी चौकशी करावी म्हटलं तर बटूच्या आईला विचारून उपयोग नसतो. "अहो काकू, कशाला? तुम्ही या, तेच खूप." फारच खोदून विचारलं तर 'अभ्यासाला उपयोगी पडेल असं काहीतरी'. वडील सांगतात, 'बुद्धिबळाची आवड आहे'. ती आवड दुसरीतली असते आणि घरात तीन पट आधीच धूळ खात असतात. आजोबा जे सांगतात ती त्यांची स्वतःची आवड असते.

म्हणून हल्ली मी आवडीचं विचारतच नाही. मी विचारते, "सध्या तो कशावरून ओरडा खातोय?"

या प्रश्नाला कुणालाच विचार करावा लागत नाही. आया तर अशा सुटतात की फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडून होते. आणि त्या तक्रारीतच मुलाचा जीव कशात अडकलाय ते सगळं असतं. आवडीनिवडी आईवडील जरा इस्त्री करून सांगतात, तक्रार मात्र जशीच्या तशी येते.

नाशिकच्या बटूच्या बाबतीत उत्तर आलं, "काही विचारू नका. घरातला एक रिमोट धड ठेवला नाही. परवा गजराचं घड्याळ उघडून बसला होता, तेही भाजीच्या सुरीनं!" झालं, ठरलं. मी तडक पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले आणि बारीक स्क्रूड्रायव्हरांचा संच घेतला. घड्याळजीकडे असतात तसले: डोक्यावर सुटी फिरणारी चकती, तिच्यावर तर्जनी टेकवायची आणि अंगठा-मधल्या बोटानं दांडी फिरवायची. टोक चुंबकी, त्यामुळे सुटलेला स्क्रू सतरंजीत हरवत नाही. सोबत एक छोटी मोटर, बॅटरीला लावायची टोपी, मूठभर एलईडी आणि रेझिस्टर. दुकानदारानं बजावलं, की एलईडी थेट नऊ व्होल्टला लावलात तर जागच्या जागी उडेल. तांबड्या एलईडीला दोनच्या आसपास व्होल्ट लागतात, उरलेले सात कुणीतरी पोटात घ्यायला हवेत. ते काम ४७० ओहमचा रेझिस्टर करतो. हे सगळं मी एका चिठ्ठीवर लिहून पुडीत टाकलं. सगळं मिळून चारशेच्या आत बसलं, आणि वर आमच्या माळ्यावरचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर रेडिओ, फुकट. खोलायला.

इथे एक सांगून ठेवते. अशा मुलाला खोलायला जुनी वस्तू देणार असाल तर बॅटरीवर चालणारीच द्या. जुना टीव्ही आणि मायक्रोवेव्ह अजिबात नाही. प्लग काढल्यावरही त्यांच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि मायक्रोवेव्हमधला तर जिवावर बेतण्याइतका.

मिरजेच्या मुलाची तक्रार वेगळीच होती. "बहिणीला कशाला हात लावू देत नाही. सारखी भांडणं." घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. त्याच्या वाट्याला टीव्हीखालचा एक खण, आणि त्यातही कुणीतरी लाइटची बिलं कोंबलेली. मी रविवार पेठेत बोहरी आळीतून पत्र्याची एक लहानशी पेटी घेतली आणि तिला तीन आकडी नंबरचं कुलूप.

कार्यालयात पंगती उठल्यावर एका कोपऱ्यात त्याला बोलावून ते दाखवलं. डोक्याला घेरा, त्यावर नातेवाइकांचे हात फिरून फिरून वैतागलेला. आधी नंबर जुळवून कुलूप उघडायचं, कडी अर्धी फिरवून खाली दाबायची, दाबून धरूनच चकत्या आपल्याला हव्या त्या आकड्यावर आणायच्या, कडी सोडायची. की झाला आपला नवा नंबर. मी तोंड भिंतीकडे केलं. तीन बारीक 'टिक' ऐकू आल्या. "झालं," म्हणाला. 'थँक्यू' वगैरे काही नाही, पेटी काखेत मारून पसार.

पुढचं त्याच्या आईनं फोनवर सांगितलं. बहीण तिसरीत. तिनं पेटी मांडीवर घेतली आणि ००० पासून सुरुवात केली. ००१, ००२, असं ओळीनं. तीन आकड्यांचे हजार नंबर होतात. एकेकाला तीन सेकंद धरले तरी सगळे तपासायला पन्नास मिनिटं लागतात, म्हणजे तिसरीतल्या मुलीच्या चिकाटीला फारसं जड नाही. पण तिला एक मिनिटही लागलं नाही. कारण पठ्ठ्यानं ठेवला होता ०१८. कोहलीचा जर्सी नंबर!

मग त्यानं नंबर बदलून ९९० केला. तिनं ९९९ पासून उलटी सुरुवात केली.

त्या रात्री मला स्वतःहून फोन. बारशानंतर पहिल्यांदाच आमचं धड बोलणं होत होतं. "काकू, चार आकडी मिळतं का हो?" मिळतं. दहा हजार नंबर, त्याच वेगानं आठ तासांहून जास्त. हा हिशेब त्यानंच केला होता, वहीच्या मागच्या पानावर. पेटीत काय ठेवतो हे त्याच्या आईनं मला हळूच विचारलं. मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही.

तर माझं म्हणणं, या वयाला खेळण्याच्या दुकानात जाऊच नये. तिथल्या खोक्यांवर कोपऱ्यात 'वय ६+' छापलेलं असतं. आत कितीही चांगलं काही असो, अकरा वर्षांच्या मुलानं तो आकडा वाचला की खेळ खलास. हार्डवेअरचं दुकान, इलेक्ट्रिकचं दुकान, ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान, अशा ठिकाणी जावं. मोठी माणसं खरोखर वापरतात ती वस्तू, तिच्या सगळ्यात लहान मापात. पाच मीटरची मेजरिंग टेप घ्या. कडक पातं सर्रकन बाहेर येतं, खटका दाबला की फटकन आत. घरातला एकही माणूस आणि मांजर मापायचं राहत नाही. डोक्याला बांधायचा टॉर्च. दगडगोटे घरात आणतो म्हणून बोलणी खाणाऱ्याला दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग. पुस्तकातल्या चौकोनी फ्रेममधल्या प्लास्टिकच्या भिंगाशी त्याची बरोबरी नाही.

'हॉलमध्ये क्रिकेट खेळून काचा फोडतो' हे उत्तर सगळ्यात जास्त येतं. त्यावर लोक बॅट घेऊन जातात. ओळख नसलेल्या मुलाला बॅट देऊ नये. मुलांच्या बॅटी १ पासून ६ नंबरपर्यंत असतात, त्यापुढे हॅरो, मग फुल साइज. माप उंचीवरून ठरतं, वयावरून नाही, आणि या वयातली मुलं कधी अचानक बांबूसारखी वाढतील सांगता येत नाही. मोठी बॅट दिली तर तो ती उचलण्यातच दमतो. त्यापेक्षा अर्धा डझन टेनिस बॉल. गच्च्यांवर, नाल्यात आणि शेजारच्या बंगल्यात जाऊन ते महिन्याभरात संपतात, त्यामुळे दोन आहेर एकसारखे आले तरी वाया जात नाहीत. सीझन बॉल मात्र नको. टेनिस बॉल साठ ग्रॅमच्या आतला, सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. त्यानं नुसती काच फुटत नाही.

कपड्यांचं तर नावच नको. अपवाद एकच: टोपी. मुंज मे महिन्यात, शाळा जूनच्या मध्यात, आणि केस काही तेवढ्यात वाढत नाहीत. साधी, गडद रंगाची, मागून पट्टी सैल-घट्ट करता येणारी, वर कार्टून नसलेली. बदलापूरच्या बटूनं ती भिक्षावळीनंतर डोक्यावर चढवली, ती फोटोग्राफरनं विनवण्या केल्या तरी काढली नाही. त्या अल्बममध्ये सोवळं नेसलेला, कपाळाला गंध लावलेला आणि काळी कॅप घातलेला मुलगा आहे. त्याच्या आजी माझ्याशी जरा तुटकच वागतात तेव्हापासून.

पुस्तकांबद्दल मला जपून लिहायला हवं, कारण मी स्वतः पुस्तकं देणाऱ्यांतली. पण आपण या वयाला पुस्तक बहुतेक वेळा औषधासारखं देतो: इंग्रजी शाळेत जातो, मराठी सुटत चाललंय, म्हणून घे हे तीनशे पानी. तो ते घेतो, पहिल्या कोऱ्या पानावरचा आपला आशीर्वाद वाचतो आणि मिटतो. मी हल्ली 'किशोर' मासिकाची वर्षाची वर्गणी भरते. बालभारती १९७१ पासून ते काढतेय, वर्गणी एका पिझ्झ्याहून फार जास्त पडत नाही. वाचेल न वाचेल. पण दर महिन्याला पोस्टमन घरी येतो आणि पाकिटावर बाबांचं नाही, त्याचं नाव असतं, मधल्या नावासकट. या वयात त्यांना स्वतःच्या नावानं येतंच काय, शाळेची नोटीस सोडून?

आणि पाकीटच द्यायचं असेल तर पाचशेची नोट घालू नका. ती 'जपून ठेवते हं' म्हणत आईच्या पर्समध्ये जाते, ती गेलीच. वीसच्या पंचवीस कोऱ्या नोटा द्या, वर एक रुपयाचं नाणं. नव्या वीसच्या मागे वेरूळ आहे, हिरवट-पिवळी, दिसायलाही छान. रक्कम तीच, पण कोऱ्या नोटांची गड्डी मुलाच्या हातातून काढून घ्यायला कुणाचा जीव होत नाही. बँकेत ओळख असेल तर आधी सांगून ठेवा, ऐन मुंजीच्या दिवसांत मिळत नाहीत.

घरात रांगतं भावंड असेल तर बटणाएवढे सेल आणि ते दणकट छोटे चुंबक टाळा. मोठा मुलगा कितीही शहाणा असला तरी पसारा जमिनीवरच करतो. दोन चुंबक पोटात गेले तर आतडं मधे धरून एकमेकांना चिकटतात, आणि मग थेट ऑपरेशनच.

एवढं सगळं छातीठोकपणे लिहिलंय खरं, पण सध्या मी अडलेय. आमच्या खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांच्या मुलाचा रविवारी बारावा वाढदिवस. जिन्यात त्याच्या आईला माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "आंघोळ!" ती म्हणाली. "पाऊण तास बाहेर येत नाही. नळ सोडून आत गाणी म्हणत बसतो, सगळी टाकी रिकामी." नवरा म्हणतो, चांगला साबण दे. मी लक्ष्मी रोडला पाण्यात भिजला तरी चालणारा एक स्पीकर बघून आलेय, सहाशेला. मुलगा खूश होईल यात शंका नाही. पण टाकी सगळ्या बिल्डिंगची एकच आहे, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.