शेवटच्या पानावरची शेवटची ओळ

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, शब्दमर्यादा पाचशे, असं समितीचं पत्र आलं. मर्यादा पाळली जाणार नाही. संपादक असताना मी दुसऱ्यांचे लेख भरपूर कापले, आता माझा कापायची पाळी समितीची.

मैदान, स्नेहसंमेलन, बोर्डाचे निकाल यांवर बाकीचे लिहितीलच. मी सरांवर लिहिणार आहे. नाव लिहीत नाही. आपल्या ज्युनिअर कॉलेजात नुसतं ‘सर’ म्हटलं की पुस्तपालनाचे सर. इतरांना आडनाव लावावं लागायचं.

कार्यालयाबाहेरचा बातमीफलक त्यांच्याकडे होता. मराठीचे शिक्षक सोडून जमाखर्चाच्या माणसाकडे हे काम कसं आलं, कोण जाणे. पण आलं म्हणून माझं भलं झालं. पेपरचा गठ्ठा पहिल्या एसटीने यायचा, स्टँडवरून शिपाईमामा सायकलवर आणायचे आणि प्रार्थनेच्या आत चार ओळी फलकावर लागायच्या. प्रत्येक ओळीपुढे कंसात बातमी कुठून मिळाली ते लिहायचं. ते नसेल तर सर काही न बोलता डस्टर उचलायचे.

३० सप्टेंबर १९९३ चा गुरुवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, त्यामुळे हातातल्या पेपरात विसर्जन मिरवणुकीचे फोटो, आणि रेडिओवर मात्र किल्लारीच्या भूकंपाची बातमी. पेपर छापून झाल्यावर, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली होती. शाळेत पोचेपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळा आकडा. आमच्यातल्या एकाने फलकावर मोठ्या अक्षरात ‘पन्नास हजार ठार’ लिहिलं. सर आले, वाचलं. ‘‘कुणी मोजले रे?’’ एवढंच विचारलं. आकडा पुसला आणि स्वतःच्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘लातूर-उस्मानाबाद भागात पहाटे तीव्र भूकंप. जीवितहानी मोठी. (आकाशवाणी)’. पुढे मृतांचे आकडे आठ हजारांच्या आतबाहेरपासून दहा हजारांच्या घरापर्यंत निरनिराळे छापून येत राहिले. मी पत्रकारितेचा रीतसर अभ्यासक्रम केला, त्यात बातमीची खातरजमा या विषयावर अख्खा पेपर होता. त्या फळ्यापेक्षा जास्त काही त्यात नव्हतं.

पण सरांचा खरा जीव हिशेबात. बारावीच्या तासाला त्यांनी एकदा प्रत्येक बाकावर एकेक जुना पेपर ठेवला आणि कंपासपेटीतली पट्टी काढायला सांगितली. पानावर आठ कॉलम. प्रत्येक जाहिरातीची उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, ती जितक्या कॉलमांत पसरली असेल तितक्यांनी गुणायचं आणि वहीत डावीकडे मांडायचं. उजवीकडे बातम्या. साबण, बियाणं, सहकारी बँकेची सभा, निधनवार्ता. (निधनवार्ता पैसे घेऊन छापतात हे त्या दिवशी कळलं, आणि वर्गात दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही.) शेवटी सरांनी विचारलं, कोरा कागद काय भावाने येतो, आपण पेपर काय भावाने घेतो आणि रद्दीवाला काय देतो? अंकाच्या किमतीत नुसता कागदसुद्धा निघत नाही, हे आमच्याच वहीत आमच्याच अक्षरात उतरलं होतं. ‘‘मग उरलेले पैसे कोण देतं? शोधा.’’

शोधायची जागाही त्यांनीच दाखवली. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची ओळ असते. वृत्तपत्रं आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या १८६७ च्या कायद्याने ती छापावीच लागायची. आणि मार्च उजाडला की पहिल्याच अंकात कुठल्या तरी कोपऱ्यात ‘फॉर्म ४, नियम ८’ येई. त्यात पत्राची मालकी कोणाची आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेले भागीदार कोण, हे नावानिशी. अख्ख्या तालुक्यात हा मजकूर आवर्जून वाचणारे आमचे सर एकटेच असावेत. ते तो कापून फलकावर चिकटवायचे.

पुढे मी तालुका वार्ताहर झालो, रात्रपाळीचा उपसंपादक झालो, निवासी संपादक आणि शेवटी संपादक. संध्याकाळी जाहिरात विभागाकडून डमी यायची, त्यावर जाहिरातींचे चौकोन आधीच आखलेले, उरलेल्या जागेत आम्ही जग बसवायचं. ते चौकोन बघून सहकारी वैतागायचे, मला मात्र बारावीचा वर्ग आठवायचा. दहा वर्षांपूर्वी खुर्ची सोडली आणि छोट्या वृत्तमाध्यमांत पैसे गुंतवणाऱ्या एका फंडात रुजू झालो. ‘संपादकाचा सावकार झाला’ असं मित्र म्हणाले. म्हणोत. बेलग्रेडच्या बी-९२ या रेडिओचे संपादक साशा वुचिनिच यांनी तेच केलं होतं. स्वतंत्र माध्यमांना देणगी नको, कर्ज द्यावं, म्हणजे ती पायावर उभी राहतील, या विचाराने १९९५ मध्ये त्यांनी एका अमेरिकन पत्रकाराबरोबर ‘मीडिया डेव्हलपमेंट लोन फंड’ काढला. पहिलं कर्ज स्लोव्हाकियातल्या ‘स्मे’ या दैनिकाला, स्वतःचं छपाईयंत्र घेण्यासाठी. छापखाना दुसऱ्याच्या हातात असला की अग्रलेख कितीही तिखट असून काय उपयोग? हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हा माणूस आपल्या सरांच्याच वर्गात बसलेला दिसतो.

माझ्याकडे येणारे तरुण संपादक वाचकसंख्येचे आलेख घेऊन येतात. मी आधी ताळेबंद मागतो, मग भागधारकांची यादी. एकच जाहिरातदार निम्मं उत्पन्न देत असेल, तर त्याच्याविरुद्धची शेवटची बातमी कधी छापली होती, हे विचारतो. काही जण रागावून उठून जातात. त्यांच्यावर पैसे लावायचे मी टाळतो आणि आजवर त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

मध्यंतरी शाळेत येऊन गेलो. इमारत देखणी झाली आहे, लिफ्टसुद्धा आहे. बातमीफलकाच्या जागी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता आणि वाचनालयात पेपर एकच, तोही फुकट येतो म्हणून. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. पाच दैनिकांची वर्गणी माझ्याकडून भरतो असं मुख्याध्यापकांना कळवलं आहे, उत्तराची वाट बघतोय. १८६७ चा कायदाही गेला. २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. सरांना ही बातमी मी फोनवर दिली, तर त्यांनी राजपत्राची प्रत पाठव म्हणून सांगितलं.

सर आता मुलाकडे पुण्यात असतात. नजर अधू झाली आहे, भिंग घेऊन वाचतात. कोरोनाच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये त्यांचा फोन आला. ‘‘अरे, त्या फॉर्म चारमध्ये तुमच्या फंडाचं नाव आहे. एक टक्क्याच्या वर.’’

‘‘हो सर, गेल्या वर्षी गुंतवले.’’

‘‘ते कळलं. पण फंडात कुणाचे पैसे आहेत?’’

मी यादी शोधून एकेक नाव वाचून दाखवलं. सर पलीकडे लिहून घेत होते. मधे दोनदा त्यांनी थांबवलं, एका कंपनीचं स्पेलिंग विचारलं आणि दुसरीचा मालक कोण ते उद्यापर्यंत कळव म्हणाले.