१२००डी अजून चालतोय, मग आर५० कशाला?

कॅनन १२००डी हा आरशाचा डीएसएलआर आला २०१४ मध्ये, आर५० हा बिनआरशाचा मिररलेस आला २०२३ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत सेन्सरचा, म्हणजे ज्यावर फोटो उमटतो त्या चिपचा, आकार होता तोच राहिला, साधारण २२ बाय १५ मिलिमीटर. मेगापिक्सेल १८ चे २४ झाले. साताऱ्यात कुणी विचारलं की "जुना देऊन नवा घेऊ का?", तर बहुतेकांच्या डोक्यात हा मेगापिक्सेलचाच आकडा असतो. या दोन कॅमेऱ्यांमधला सगळ्यात बिनकामाचा फरक तोच आहे.

हिशोब करून बघा. १२००डीचा फोटो ५१८४ बाय ३४५६ पिक्सेलचा. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंची पान छापायचं म्हटलं तर इंचाला २८८ पिक्सेल मिळतात. आर५०चा फोटो ६००० बाय ४००० चा, म्हणजे इंचाला ३३३. लॅबमधून आलेली दोन्ही पानं शेजारी ठेवा, भिंग लावल्याशिवाय फरक सांगता येणार नाही. मोबाईलवर टाकायचे असतील तर बोलायलाच नको.

कमी उजेडात मात्र नवा सेन्सर खरोखर पुढे आहे. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाईलमध्ये माझ्या मते एका स्टॉपच्या आसपास, म्हणजे साधारण दुप्पट उजेडाइतका फरक. १२००डीवर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० च्या पुढे नेऊन सावल्या उजळल्या की आडवे-उभे पट्टे दिसायला लागतात, आर५०वर ३२०० बिनधास्त वापरता येतो. पण आता कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सकडे बघा. जुनी १८-५५ रुंद बाजूला एफ/३.५ उघडते, आर५०सोबतची १८-४५ एफ/४.५. एफचा आकडा जेवढा लहान, तेवढा उजेड जास्त, आणि हा फरक दोन तृतीयांश स्टॉपचा. लांबच्या टोकाला ५.६ विरुद्ध ६.३. म्हणजे सेन्सरने कमावलं त्यातलं बरंचसं लेन्सने घालवलं. नवा कॅमेरा घेऊन पहिल्याच हळदीच्या कार्यक्रमात "काय फरक नाही राव" असं वाटतं, त्याचं कारण हे.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, पण कासच्या पठारावर फुलं टिपायला जाणाऱ्याला ती आधी कळायला हवी. जुनी १८-५५ आयएस (हाताची थरथर सावरणारी) दोन नंबरची लेन्स २५ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते आणि ०.३४ पट मोठं दाखवते. म्हणजे फ्रेमच्या रुंदीत साडेसहा सेंटिमीटरचा तुकडा मावतो. नवी १८-४५ लांबच्या टोकाला ऑटोफोकसवर ०.१६ पटच देते, फ्रेममध्ये जवळजवळ चौदा सेंटिमीटर. सीतेची आसवं ही फुलं नखाएवढी. चौदा सेंटिमीटरच्या फ्रेममध्ये ती हरवून जातात आणि मग क्रॉप करत बसावं लागतं. म्हणून जुनी किट लेन्स विकू नका. तसेही तिचे फारसे पैसे येत नाहीत.

ती नव्या बॉडीवर बसते. जुन्या ईएफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसते ती कडी) लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर, नव्या आरएफमध्ये २०. मधले २४ मिलिमीटर भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे ईएफ-ईओएस आर अडॅप्टर. आत काच नाही, नुसते कॉन्टॅक्ट, त्यामुळे फोटोची धार कमी होत नाही. ऑटोफोकस आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन दोन्ही चालतं. ५० एमएम एफ/१.८ आणि ५५-२५० एसटीएम तर नव्या बॉडीवर जास्त खुलतात. ७५-३०० मात्र तिथंही तशीच राहते. तिच्यात आयएस नाही आणि आर५०च्या बॉडीतही सेन्सर हलवून हात सावरायची सोय नाही, व्हिडिओतलं डिजिटल स्टॅबिलायझेशन वेगळं. एक किरकोळ अडचण: जुना पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) ५८ मिलिमीटरचा, नव्या किट लेन्सला ४९ लागतो. ४९-५८ ची स्टेप-अप रिंग घेतली की भागतं.

कासवरच आर५०ची खरी किंमतही कळते. फुलं जमिनीलगत, कातळावर पाणी साचलेलं, आणि आडवं पडायची सोय नाही, कारण तुम्ही पडाल तिथंही फुलंच आहेत. १२००डीचा स्क्रीन मागे पक्का चिकटलेला. कॅमेरा खाली धरून लाइव्ह व्ह्यू लावला, म्हणजे स्क्रीनवर बघून फोटो काढायला गेलं, तर ऑटोफोकस कॉन्ट्रास्टवर चालतो, लेन्स पुढे-मागे करत राहते, तेवढ्यात वारा येऊन फूल हलतं. त्यावर जुना उपाय चांगला आहे: लेन्सचं बटण एमएफवर (हाताने फोकस), लाइव्ह व्ह्यूमध्ये भिंगाचं बटण दाबून पाच पट, मग दहा पट, आणि रिंगने फोकस. स्क्रीनवर दिसावं म्हणून डोक्यावर रुमाल. जमतं, पण दर फुलाला मिनिटभर जातो. आर५०चा स्क्रीन बाहेर काढून वर फिरवला की उकिडवं बसून फोटो निघतो, आणि फोकस सेन्सरवरच होत असल्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये बघा नाहीतर स्क्रीनवर, वेग तोच.

धुक्यात कॅमेरा कोणताही असो, उजेड मोजणारा मीटर फसतो. पांढरं धुकं त्याला राखाडी करायचं असतं. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप प्लस द्या. आर५०च्या व्ह्यूफाइंडरमध्ये हे बटण दाबायच्या आधी दिसतं, १२००डीवर फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघावा लागतो.

आता फोकस. १२००डीच्या नऊ फोकस पॉइंटपैकी फक्त मधला क्रॉस टाइप आहे, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेघा त्याला कळतात. बाकीचे आठ एकाच दिशेच्या रेघा ओळखतात. मंडपातल्या अंधुक उजेडात बाजूचा पॉइंट नवरीच्या चेहऱ्यावर ठेवला की लेन्स शोधत बसते, आणि शेवटी मुंडावळ्यांवर किंवा मागच्या झिरमिळ्यांवर जाऊन अडकते. म्हणून जुने लोक मधल्या पॉइंटने फोकस करून कॅमेरा वळवतात. एफ/५.६ वर ते खपतं. एफ/१.८ वर वळवताना फोकसचं प्रतल सरकतं आणि डोळ्याऐवजी कान धारदार येतो. आर५० चेहरा आणि डोळा शोधून फ्रेमच्या कोपऱ्यापर्यंत धरून ठेवतो. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग यातलं काही करत असाल, तर पैसे द्यायचं कारण हेच.

पण आधी तुमचा १२००डी नीट फोकस करतोय का ते तपासा. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा असतो, आरशाच्या खाली. तिथपर्यंतचं अंतर आणि मुख्य सेन्सरपर्यंतचं अंतर जराही जुळलं नाही तर प्रत्येक फोटो थोडा पुढे नाहीतर मागे जातो. तपासायची रीत साधी आहे. कॅमेरा स्टँडवर, ५० एमएम एफ/१.८ वर, दीड मीटरवर काडेपेटीचं किंवा बिस्किटाचं खोकं कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं. त्याच्या शेजारी तिरकी फूटपट्टी, खोक्याच्या पुढच्या बाजूच्या सरळ रेषेत पंधराचा आकडा. फोकस खोक्यावरच करायचा, पट्टीवर नाही, कारण फोकस पॉइंट दिसतो त्या चौकोनापेक्षा मोठा असतो आणि भलताच आकडा पकडतो. व्ह्यूफाइंडरमधून पाच फोटो, दरवेळी रिंग अनंताकडे फिरवून परत फोकस. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये पाच.

लाइव्ह व्ह्यूचे पाचही धारदार आणि व्ह्यूफाइंडरचे पाचही बाराच्या आकड्यावर, तर बॉडी-लेन्सची जोडी जुळत नाही. कधी बारा, कधी सतरा असं येत असेल तर लेन्सची मोटर थकलेली असू शकते. १२००डीच्या मेनूत फोकस जुळवायची सोय नाही. सर्व्हिसला द्या नाहीतर एफ/२.८ वर वापरा. मिररलेसमध्ये ही भानगडच नाही, जिथं फोटो उमटतो तिथंच फोकस मोजला जातो. "नवा कॅमेरा किती शार्प आहे" म्हणून जे कौतुक होतं, त्यातलं बरंच श्रेय या एका गोष्टीचं.

बैलगाडा शर्यतीला जाणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. आर५० प्राणी ओळखतो असं लिहिलेलं असतं. त्या प्राण्यांत कुत्रा, मांजर, पक्षी आणि घोडा आहेत. बैल नाही! कधी डोळा पकडतो, कधी शिंगाला बांधलेल्या गोंड्यावर जातो. त्यापेक्षा सर्व्हो (हलत्या वस्तूवर सतत फोकस) लावा, एक पॉइंट निवडून डाव्या बैलाच्या कपाळावर ठेवा आणि तिथून ट्रॅकिंग सुरू करा. शटर १/१००० च्या वर. दुसरा सापळा सेकंदाला पंधरा फ्रेमच्या वेगाचा. तो मिळतो फक्त इलेक्ट्रॉनिक शटरवर. त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, वाचून होईपर्यंत बैलाचे पाय पुढे गेलेले असतात. पाय वाकडे आणि चाकं लंबगोल येतात. मेनूत फर्स्ट कर्टन शटर ठेवा, त्यात फोटो शेवटी खऱ्या पडद्याने बंद होतो, बारा फ्रेम भरपूर झाल्या. रॉवर मात्र सहा-सात फोटोंतच बफर (कार्डावर जाईपर्यंत फोटो ठेवायची जागा) भरतो आणि कॅमेरा अडखळतो. गंमत म्हणजे १२००डीचीही तीच गत, फक्त तो सेकंदाला तीनच काढत असल्यामुळे जाणवत नाही. शर्यतीला जेपीईजी बरं.

१२००डीवर शर्यत काढायची तर धावपट्टीतली एक जागा आधीच फोकस करून ठेवा, एमएफ करा, गाडा तिथं यायच्या किंचित आधी बटण दाबा. आरशातून दिसणारं दृश्य क्षणाचाही उशीर न करता दिसतं, त्यामुळे अंदाज बसलेल्या माणसाला जुना कॅमेराच हातात गोड वाटतो.

इलेक्ट्रॉनिक शटरचा दुसरा घोळ एलईडीचा. गणपतीच्या मंडपातले दिवे डोळ्याला स्थिर दिसतात, पण लुकलुकत असतात, आणि फोटोवर काळे आडवे पट्टे येतात. तिथंही फर्स्ट कर्टन. व्हिडिओ काढताना मेनूत 'पाल' (PAL) ही व्हिडिओ पद्धत निवडा, २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं की ट्यूबलाइटखाली सगळा व्हिडिओ थरथरतो, आणि लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात. १२००डीला बाहेरचा माइक लावायचं भोक नाही आणि व्हिडिओ चालू असताना तो स्वतःहून फोकस बदलत नाही. व्हिडिओ हेच काम असेल तर तुलना इथंच संपली.

विसर्जन मिरवणुकीतल्या लेझरचं गंभीरपणे घ्या. किरण थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपके पडू शकतात. डीएसएलआरमध्ये फोटो काढण्याच्या क्षणापुरताच सेन्सर उघडा असतो, बाकी वेळ आरसा आणि पडदा पुढे. मिररलेसचा सेन्सर तुम्ही नुसतं बघत असलात तरी उघडाच. लेझरची गाडी आली की झाकण लावा.

पाल गावच्या खंडोबाच्या यात्रेला भंडारा उधळतात तेव्हाही हेच. मिररलेसची लेन्स काढली की सेन्सर समोरच असतो, हळदीची पूड थेट त्यावर. घरून एकच लेन्स लावून निघा, जोडावर कागदी टेप फिरवा, बॉडीला प्लॅस्टिकची पिशवी. परत आल्यावर आधी ब्लोअर, मग कोरडा ब्रश. ओलं फडकं पहिल्यांदा लावलं की हळद खाचांत बसते. धूळ कुठं आहे ते ओळखायला एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. १२००डीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये ठिपका दिसतो पण फोटोत नाही, तर तो फोकसिंग स्क्रीनवर आहे, सोडून द्या. फोटोत दिसला तर सेन्सरवर.

फ्लॅशवाल्यांनी मांडणी बघून घ्या. १२००डीच्या शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधली पिन आहे, साधा ट्रिगरही चालतो. १५००डी आणि ३०००डीमध्ये कॅननने ती पिन काढून टाकली. आर५०च्या शूमध्ये तर जुने कॉन्टॅक्टच नाहीत, जुना फ्लॅश लावायचा तर एडी-ई१ हा वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. लग्नाच्या आदल्या रात्री हे कळू नये.

बॅटरीचं कंपनीचं माप: १२००डी व्ह्यूफाइंडरवर ५०० फोटो, आर५० स्क्रीनवर ३७० आणि व्ह्यूफाइंडरवर २३०. जुनी बॅटरी नव्याला बसत नाही. आर५० यूएसबी-सीवरून चार्ज होतो, पण पॉवर बँक पीडी (पॉवर डिलिव्हरी) वाली हवी.

रॉ फाईलही बदलते, सीआर२ ची सीआर३ होते. कॉम्प्युटरवर फोटो सुधारायचं जुनं लाइटरूम ६ असेल तर ती उघडणार नाही. अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर किंवा कॅननचं स्वतःचं सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत.

आणि जुनाच घ्यायचा ठरला, सेकंडहँड, तर शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, फोटोच्या माहितीत शोधू नका. निकॉन तो फाईलमध्ये लिहितो, कॅनन लिहीत नाही. त्यापेक्षा लेन्स काढून मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. महाबळेश्वर-कास पट्ट्यात पावसाळा काढलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स फुकट मिळाली तरी चांगल्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका. कॅमेरा ठेवायला हवाबंद डबा, आत सिलिका जेल. तांदळात कॅमेरा पुरायचा नाही, त्याची धूळ आत जाते.