मी वर्गातच होते

कालचं डोक्यातून जात नाहीये. तळघरातली लॅब, दुसरी रांग. सरांनी मला प्रश्नही विचारला, मी उत्तर दिलं, ते "बरोबर" म्हणाले. आणि संध्याकाळी, फोनच्या जागेवरून हजेरी लावणाऱ्या ॲपमध्ये बघते तर गैरहजर.

आज सरांना भेटले. "सर, मी होते ना काल." ते म्हणाले, "आठवतंय मला. पण ॲपमध्ये तू आवाराबाहेर दिसतेयस."

आठवतंय, पण. सकाळपासून त्या 'पण'पाशीच अडकलेय.

जीपीएस उघड्या आभाळाखाली पाचेक मीटरपर्यंत नीट सांगतं. डोक्यावर स्लॅब आला की उपग्रहांचे क्षीण संकेत अडतात, भिंतींवर आपटून येतात आणि ठिपका भलतीकडे सरकतो. तेवढ्यानं मी खोटी ठरले. वर्गातल्या एकीचा फोन मात्र मैत्रिणीच्या दप्तरातून आला, ती आली नाही, तिची हजेरी लागली. तिच्यावर राग नाही माझा. आहे थोडा. असो.

चिडून फोनची सेटिंग्ज उघडली. ॲपला लोकेशनची परवानगी 'नेहमी'. प्रवेशाच्या गडबडीत मीच दिलेली असणार. अँड्रॉइडमध्ये २०१९ पासून 'फक्त ॲप वापरताना' असा पर्याय आहे, मी बघितलाच नव्हता. खाली ॲपनं लोकेशन केव्हा घेतलं त्याच्या नोंदी होत्या. काल रात्री ११:४० ची एक. तेव्हा मी ताईबरोबर दवाखान्यात होते. त्याबद्दल आईलासुद्धा अजून सांगितलेलं नाही.

२०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या, नावं काढून टाकलेल्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. कुठे आणि केव्हा, असे चारच ठिपके ९५ टक्के लोकांना वेगळं ओळखायला पुरले. माझे किती जमले असतील? आणि एवढे ठिपके देऊनही मी समोर बसले होते, हे माझ्या तोंडून पटत नाही. हजेरी घ्या ना. नाव पुकारा, मी 'हजर' म्हणेन.

दुपारी रडू आलं होतं. आता नाही. एक हजेरी गेली तर गेली, टक्केवारी भरून निघेल. परवानगी बदलली. यापुढे जिना उतरण्याआधी वर मोकळ्यात थांबून ॲप उघडीन, हजेरी लागली की मगच खाली जाईन.

सरांना अर्जही लिहिलाय. आधी 'ॲपमधील तांत्रिक अडचणीमुळे' अशी सुरुवात केली होती, ती खोडली. आता पहिलंच वाक्य आहे: मी वर्गात होते आणि आपण मला पाहिलं आहे.