ब्रेक नसलेल्या गाड्या

"ब्रेकच न्हाईत? मग थांबत्यात कशी?"

२०१८ च्या उन्हाळ्यात अप्पांनी हा प्रश्न मला दहा वेळा तरी विचारला असेल. पस्तीस वर्षं सांगलीत गॅरेज चालवलेला माणूस. राजदूत आणि येझदी आवाजावरून ओळखायचे. त्यांना ही स्पीडवेची, म्हणजे खडीच्या ट्रॅकवर शर्यतीत पळणारी मोटारसायकल काही केल्या पटेना. सांगायला घेतलं की ते मध्येच थांबवायचे, पुन्हा सुरुवातीपासून विचारायचे. सीसी किती? पाचशे. सिलिंडर? एक. गिअर? एकच. पेट्रोल? पेट्रोल नाही, मिथेनॉल. वजन? ७७ किलोच्या खाली चालत नाही. "म्हंजे सायकलीला इंजिन," असं म्हणून ते गप्प बसायचे आणि दुसऱ्या दिवशी ब्रेकवर यायचे.

मी तेव्हा वर्किंग्टनला राहत होते. इंग्लंडच्या वायव्येला, कंब्रियाच्या किनाऱ्यावर, डरवेंट नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. एकेकाळी इथले रेल्वेचे रूळ जगभर जायचे. तो कारखाना २००६ मध्ये बंद झाला. जवळच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते. ओळखीचं कोणी नाही, टीव्हीवर बोलतात ते अर्धं कळायचं, गावात बोलतात ते पावही नाही. एका संध्याकाळी भाजी चिरत असताना शंभर मधमाश्या डब्यात कोंडल्यासारखा आवाज आला. एक मिनिट चालला, थांबला. पाच मिनिटांनी पुन्हा. पाचव्यांदा आला तेव्हा मी गॅस बंद केला आणि आवाजाच्या दिशेने निघाले.

डरवेंट पार्क हे खरं रग्बीचं मैदान. मैदानाभोवती लाल-करड्या बारीक खडीचा अंडाकृती ट्रॅक, त्यावर चौघे जण, डाव्या हाताला वळत चार फेऱ्या. संपलं. मिनिटभराचा मामला. पहिला आला तर ३ गुण, मग २, १ आणि शेवटच्याला भोपळा. यजमानांचे दोघे लाल आणि निळ्या हेल्मेटमध्ये, पाहुण्यांचे पांढऱ्या आणि पिवळ्या. अशा १५ हीट, एकूण ९० गुण, म्हणजे ४६ झाले की मॅच खिशात. मधे मधे ट्रॅक्टर येऊन खडी सारखी करतो. सुरुवातीच्या फितीपाशी प्रत्येक जण बुटाने आपल्या चाकाखालची खडी उकरत, दाबत बसतो. त्याला ते लोक चक्क 'बागकाम' म्हणतात.

आणि वळणावर? डावीकडे वळायचं तर हँडल उजवीकडे. मागचं चाक बाहेर फेकलेलं, डावा पाय जमिनीवर घासत. त्या पायात बुटावर लोखंडी तळवा बांधलेला असतो. माझी नजर धंद्याची, मला गाड्या दिसेचनात, सगळे डावे गुडघेच दिसायला लागले. मी मनातल्या मनात त्यांना व्यायाम सांगत होते.

वास मात्र थेट घरचा. मिथेनॉल जळल्याचा गोडसर वास आणि त्यात एरंडेल. हो, तेच एरंडेल. रेसिंगच्या इंजिन ऑइलमध्ये ते जुन्या काळापासून वापरतात. लहानपणी सुट्टी लागली की आई नाक दाबून पाजायची ते तेल इथे लोक छाती भरभरून हुंगत होते. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "इंजिनाचं पोट साफ ऱ्हातंय."

दुसऱ्या मॅचला मी चुकीच्या जागी उभी राहिले, वळणाच्या अगदी कठड्याशी. चिप्सच्या पुड्यात मूठभर खडी आली. शेजारी एक आजोबा होते. निवृत्त, रूळ कारखान्यातले. हातात क्लिपबोर्ड, त्याला दोरीने बांधलेलं पेन. त्यांनी माझ्या चिप्सकडे पाहिलं, मला दोन पावलं मागे ओढलं आणि माझा कोरा प्रोग्रॅम बघून असा चेहरा केला की जणू मी देवळात चप्पल घालून आलेय.

स्पीडवेचा प्रोग्रॅम हा वाचायचा नसतो, भरायचा असतो. प्रत्येक हीटला चार नावं छापलेली, पुढे रकाने रिकामे. गुण आपण लिहायचे. पडला तर एफ, पंचांनी बाद केला तर एक्स, गाडी बंद पडली तर आर. आपल्याच जोडीदाराच्या मागोमाग आला आणि विरोधी संघातल्या एकाला तरी मागे ठेवलं, तर आकड्याच्या डोक्यावर बारीक रेघ: बोनस. मॅचच्या निकालात हा बोनस धरत नाहीत, पण खेळाडूच्या खात्यात जातो. आजोबा म्हणाले, जोडीदाराला मारून पुढे जाण्यापेक्षा त्याच्या मागे राहून वाट अडवणारा हुशार, ती रेघ त्याच्यासाठी असते. जूनपर्यंत माझा प्रोग्रॅम त्यांच्याइतका स्वच्छ भरलेला असायचा. हॉस्पिटलातल्या नोंदींची सवय कामी आली, दुसरं काय.

ही ब्रिटनमधली दुसऱ्या पायरीची लीग, नाव चॅम्पियनशिप. दुसरी पायरी म्हटल्यावर आपल्याला वाटतं, जे वर पोचले नाहीत ते इथे. तसं सरळ नाही. तेच खेळाडू दोन्ही लीगमध्ये पळतात, आज इथे, परवा तिथे. गाड्या स्वतःच्या, व्हॅन स्वतःची, मेकॅनिक म्हणजे बऱ्याचदा बाप नाहीतर भाऊ, आणि पैसे मिळणार ते गुणांवर. म्हणून तिसऱ्या नंबरासाठी दोघे जिवावर उदार होतात तेव्हा हसू नये. त्या एका गुणात टायरचे पैसे असतात. त्या वर्षी वर्किंग्टन कॉमेट्सच्या संघात कंब्रियाचाच डॅन ब्यूली होता. पोरगा १९९९ सालचा, मँचेस्टरच्या बेल व्ह्यूसाठी वरच्या लीगमध्येही पळायचा. पुढे २०२१ मध्ये ब्रिटनच्या संघाबरोबर जगज्जेता झाला, २०२२ ला कार्डिफची ग्रां प्री जिंकला. मी त्याला पिटमध्ये, म्हणजे गाड्या ठेवतात-दुरुस्त करतात तिथे, साधी बादली घेऊन गाडीची खडी धुताना पाहिलंय. मॅचनंतर पिटमध्ये कोणीही जायचं, कोणी हटकत नाही. तिथेच एका फ्रेमवर 'जावा' असं नाव दिसलं. फोटो काढून अप्पांना धाडला. लगेच फोन. "म्हैसूरची?" नाही अप्पा, चेकची, मूळची. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपली येझदी बी त्याच घरातली की."

उन्हाळा त्या वर्षी इंग्लंडात कडक होता. ट्रॅकवर पाणी मारून मारून माणसं थकायची, तरी धुरळा. अप्पांच्या पिढीला धुरळा म्हणजे बैलांच्या शर्यतीचं मैदान, आणि त्या तेव्हा २०१४ पासून कोर्टाने बंद केलेल्या होत्या. व्हिडिओ कॉलवर ते खेळ नाही, धुरळाच बघत बसायचे.

तर कॉमेट्स जिंकत गेले. लीग, नॉकआउट कप, शील्ड, तिन्ही. वर्किंग्टनला स्पीडवे सुरू झालं १९७० मध्ये; ऐंशीच्या दशकात बंद पडलं, १९९९ ला परत आलं. एवढ्या वर्षांत लीगचं विजेतेपद हे पहिलंच. आजोबा पहिल्या हंगामापासून त्याच वळणावर. शेवटच्या हीटनंतर त्यांनी आधी रकाना भरला, बेरीज केली, खाली रेघ मारली, पेन दोरीला नीट लटकवलं आणि मग रडले.

आता गंमत अशी की या खेळात जिंकलं की संघ मोडावा लागतो. खेळाडूचे गुण अधिक बोनस, भागिले पळालेल्या हीट, गुणिले चार: ही त्याची सरासरी. पाच हीटमध्ये १० गुण आणि एक बोनस असेल तर ८.८. पुढच्या हंगामासाठी सात जणांच्या सरासरीची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊन चालत नाही. सगळे चांगले खेळले, म्हणजे सगळे महाग झाले. कुणाला तरी सोडा, कुणीतरी स्वस्त पोरगा आणा. मला हा नियम आधी अन्यायाचा वाटला. नंतर वाटलं, बरंय, नाहीतर श्रीमंत गावं गरीब गावांना खाऊन टाकतील.

नोव्हेंबरात आजोबांनी मला कॅफेत बोलावलं. शेवटच्या प्रोग्रॅमच्या मागच्या पानावर त्यांनी २०१९ चा संघ बसवला होता, सात नावं, सात सरासऱ्या, पेन्सिलीने. "बेरीज तपास," म्हणाले. तपासली, तर एका ठिकाणी हातचा धरायचा राहिला होता. थोडक्यासाठी संघ ठरलेला आकडा ओलांडत होता. मग आम्ही दीड तास खर्च केला. तिसऱ्या नंबरच्या खेळाडूला सोडवेना, राखीवमधल्या एकाला काढलं, त्याच्या जागी कमी सरासरीचा एक नवखा घातला, पुन्हा बेरीज, पुन्हा चहा. शेवटी बसलं. त्यांनी खोडरबराची भुसकटं फुंकून कागद घडी घालून खिशात ठेवला.

त्याच हिवाळ्यात बातमी आली की पुढच्या हंगामात क्लब उतरणार नाही. तिन्ही कप कपाटात, आणि पैशांचं गणित जमत नाही. खेळाडू दुसऱ्या क्लबांनी उचलले.

मार्चमध्ये सुपरमार्केटात आजोबा भेटले, दुधाच्या फ्रीजपाशी. मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून तो कागद काढला. तिसऱ्या नंबरचा खेळाडू खोडलेला होता, दुसरंच नाव लिहिलं होतं.

"हा बरा पडेल," म्हणाले. "बघ जरा बेरीज."

फ्रीजचं दार उघडं ठेवून मी बेरीज केली.