पाय बधिर झाला, म्हणजे नेमकं काय गेलं?

'पाय बधिर झालाय' हे वाक्य अर्धंच असतं. हलका स्पर्श कळत नाही, की गरम-गार कळत नाही? टाचणी टोचते का? डोळे मिटल्यावर कोणी अंगठा वर केला की खाली, हे सांगता येतं का? या सगळ्या संवेदना एकाच पायातून निघतात, पण त्यांच्या तारा, म्हणजे मज्जातंतू, वेगळे आणि वर जायचे रस्तेही वेगळे. म्हणून काय गेलं याच्याइतकंच काय शिल्लक आहे हेही नीट विचारावं लागतं.

तव्याला बोट लागतं तेव्हा हा फरक स्वतःलाच जाणवतो. हात झटकन मागे येतो. तो निर्णय मज्जारज्जूच घेतो, मेंदूची वाट बघत नाही. पाठोपाठ टोचल्यासारखी तीक्ष्ण कळ येते. ती मायलिनचं (मज्जातंतूंवरच्या चरबीयुक्त आवरणाचं) पातळ वेष्टण असलेल्या बारीक तंतूंतून, सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने आलेली असते. खरी आग सुरू होते ती त्यानंतर, कारण ती वाहणाऱ्या तंतूंना मायलिनच नसतं आणि त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे जेमतेम आपल्या चालण्याएवढा. स्पर्श, कंप आणि सांध्यांची स्थिती नेणारे जाड तंतू मात्र 35 ते 75 मीटरने धावतात.

आग ओळखणारं दार या बारीक तंतूंच्या टोकाशी असतं. साधारण 43 अंश सेल्सिअसला ते उघडतं, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही तेच उघडतं. या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं (स्पर्शाच्या शोधासाठी आर्डेम पटापुटियन यांच्यासह). मिरच्या चिरल्यावर बोटं भाजल्यासारखी होतात, कारण मेंदूला निरोपच भाजल्याचा गेलेला असतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने भागत नाही. आधी तेल चोळायचं, मग साबणाने धुवायचं.

आता रस्ता. पायाच्या अंगठ्यापासून निघालेला तंतू ज्या पेशीचा धागा असतो, ती पेशी कमरेच्या मणक्यांपाशी असते. स्पर्श आणि कंपाच्या बाबतीत त्याच पेशीचा दुसरा धागा मज्जारज्जूच्या मागच्या भागातून, त्याच बाजूने, थेट मेंदूच्या बुंध्यापर्यंत चढतो आणि तिथे निरोप बाजू बदलतो. अंगठ्यापासून तिथपर्यंत एकच पेशी! वेदना आणि तापमान मात्र मज्जारज्जूत शिरल्या शिरल्या पुढच्या पेशीच्या हाती सोपवले जातात आणि एक-दोन मणक्यांच्या आतच पलीकडे जातात. पुढे दोन्ही निरोप थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या टप्प्यामार्गे मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोचतात.

मधुमेहात सगळ्यात लांब धागे आधी थकतात, म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते आणि मोजा चढवावा तसा बधिरपणा वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास पोचतो तेव्हा हाताच्या बोटांनाही मुंग्या येऊ लागतात. एकाच पायात एक पट्टा बधिर असेल तर मात्र आधी कमरेतली दबलेली नस शोधायची. बी 12 जीवनसत्त्व कमी पडलं की मज्जारज्जूचा मागचा भाग मार खातो. टाचणी कळते, पण जमीन कापसासारखी लागते आणि तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. शाकाहारी माणूस वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असेल तर बी 12 तपासून घ्याच.

मधुमेह्याच्या घरात करता येईल अशी एक सोपी तपासणी आहे. त्यांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या तर्जनीने अलगद, एक-दोन सेकंद स्पर्श करा आणि कळलं की 'डावा' किंवा 'उजवा' म्हणायला सांगा. सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांना पाय दाखवा. चुका ठरलेल्या असतात: दाबणं, घासणं, आणि 'आता कळलं का?' असं विचारणं. विचारलं की माणूस 'हो' म्हणतोच. दवाखान्यात मोनोफिलामेंट, म्हणजे 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, वाकेपर्यंत टेकवतात. तो घट्ट्यावर टेकवला तर उत्तर चुकतं.

चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी कळत नसेल तर तपासणीचीही वाट बघू नका. अशा पायांना गरम पाण्याची पिशवी लावायची नाही. फोड येईपर्यंत भाजल्याचा पत्ता लागत नाही.

अनेकांचा गोंधळ होतो तो पुढच्या गोष्टीत. रात्री तळव्यांची आग होते, पांघरुणाचा स्पर्शही नको होतो, आणि नसांच्या तपासणीचा रिपोर्ट नॉर्मल येतो. मग घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. पण विजेचे झटके देऊन केलेली ती तपासणी फक्त जाड, मायलिनच्या तारा मोजते. आग वाहणारे बारीक तंतू तिला दिसतच नाहीत, मोनोफिलामेंटलाही नाही. संशय असेल तर घोट्याच्या वर सुमारे 10 सेंटिमीटरवर त्वचेचा 3 मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात.