पावसाळ्यात सुरमई का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

पावसाळ्यात तुमच्याकडं सुरमई का नसते? आणि एरवीसुद्धा ताटात अख्खी मावणारी छोटी सुरमई का ठेवत नाही? बेळगावातल्या माझ्या खानावळीत हे रोज कुणीतरी विचारतंच. पाठोपाठ दुसरं येतं: समुद्र घाटाखाली, तुम्हाला इथं बसून त्याचं काय पडलंय?

खाणारे आपण आहोत, म्हणून पडलंय. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते, कारण बऱ्याच माशांचा हा विणीचा काळ. तेव्हा येणारी सुरमई बर्फातली जुनी, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरची. तिकडची बंदी 14 जूनला संपते. ती घेणं बेकायदा नाही. तरी मी धरणातला कटला-रोहू वाढतो आणि तुमची नाराजी ऐकतो.

छोट्या सुरमईचं मात्र मला कुणी समजावू नये. सुरमई दोन फुटांच्या पुढं गेल्यावर अंडी घालण्याजोगी होते. ताटात मावते ती एकदाही न व्यालेली असते.

यावरनंच धाकटा भाऊ वेगळा झाला. साखरपुड्याची ऑर्डर होती, त्यानं पानागणिक अख्खा मासा कबूल केलेला. पेटी उघडली तर सगळी वीतभर पिल्लं. मी एजंटला पेटी परत न्यायला लावली. भाऊ गल्ल्यापाशी, पोरांच्या देखत म्हणाला, "अण्णा, मेलेलं पिल्लू परत पोहायला लागतंय काय? तू नाही घेतलंस तर शेजारचा घेईल की." मी म्हटलं, पुढच्या खेपेला एजंट विचार करील. "तुझ्या एकट्यासाठी?" त्यानं विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या रात्री पाहुण्यांना चिकन वाढलं. पुढं त्यानं स्वतःचं हॉटेल काढलं, आणि आई त्याच्याकडं राहायला गेली. सणाला जातो मी. मासे सोडून सगळं बोलतो आम्ही.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खानावळ काढली तेव्हा मीही म्हणायचो, समुद्रातला मासा कधी संपतो काय! मग केरळची तारली पाहिली: 2012 ला जवळपास 4 लाख टन, 2015 ला 70 हजारांच्या आसपास. पाणी तापलं हे कारण होतंच, पण पिल्लंही उपसली गेली होती. केरळनं त्याच सुमारास मापं ठरवली. 14 सेंटिमीटरच्या आतला बांगडा तिथं पकडायचा नाही. आपल्या बाजारात टेप कोण लावतो?

आता कोळंबी. ट्रॉलरच्या जाळ्यात कासव अडकलं तर त्याला श्वासासाठी वर येता येत नाही, ते गुदमरून मरतं. कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणारी जाळी आहेत, पण घाट चढून आलेल्या पेटीवर जाळ्याचं नाव नसतं. म्हणून तळ्यातली घ्यावी, तर तिच्या खाद्यात सुक्या माशांची भुकटी, आणि त्या भुकटीत बारकी तारलीही असते. कोळंबी अजून माझ्या पाटीवर आहे. ती काढली तर निम्मं गिऱ्हाईक जाईल. ठेवली तर भावाला काय तोंडानं सांगू, हे मला सुटलेलं नाही.