आफ्रिकेतलं काही सुचवा, पण फार दुःखाचं नको

वाचनालयाच्या काउंटरवर हा प्रश्न मला हमखास येतो. "ताई, आफ्रिकेतलं हल्लीचं काही सुचवा. पण फार दुःखाचं नको." कुणी हळूच पुढे जोडतं, "आणि इंग्रजी माझं बेताचंच आहे हं." मागे रांग असते, त्यामुळे एखादं नाव सांगून विषय संपतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

चोपन्न देशांचा खंड एका पुस्तकात कुणालाच कळणार नाही. म्हणून मी एका घरापासून सुरुवात करायला सांगते. अयोबामी अदेबायो या नायजेरियन लेखिकेची २०१७ साली आलेली 'स्टे विथ मी' ही कादंबरी घ्या. वाक्यं सरळ आहेत, बेताच्या इंग्रजीवर निभावतं.

गोष्ट इलेशा गावातल्या येजिदे आणि अकिन या नवराबायकोची. काळ १९८० च्या दशकाचा. येजिदे केशरचनेचं सलून चालवते. लग्नाला काही वर्षं झाली, घरात पाळणा नाही. एक दिवस वडीलधारी मंडळी घरी येतात, सोबत एक तरुण मुलगी. ही तुझ्या नवऱ्याची दुसरी बायको, असं येजिदेला सांगितलं जातं. तिने आदळआपट केली असेल असं वाटतं ना? ती स्वयंपाकघरात जाते, टाकायला काढलेलं तीन दिवसांचं शिळं कालवण ताज्यात मिसळते आणि पाहुण्यांना वाढते. पाहुणेही खातात, कारण चव बिघडलीय हे तिच्या तोंडावर म्हणायला त्यांच्याकडे तोंड उरलेलं नसतं. पुढे मूल व्हावं म्हणून ती एक पांढरी, निर्दोष शेळी घेऊन डोंगर चढते. वर कुणी बाबा बसलाय. तो शेळीला बाळासारखं कपड्यात गुंडाळून तिच्या हातात देतो आणि दूध पाजायला लावतो. नवस, अंगारे, उपास, 'अजून काही नाही का?' अशी चौकशी हे सगळं पाहिलेल्या बाईला हे पान समजावून सांगावं लागत नाही.

शेवट फोडत नाही, पण पुस्तकाच्या नावाचं गुपित सांगते. येजिदेच्या एका मुलीचं नाव आहे रोटिमी, म्हणजे तिकडच्या योरुबा भाषेत 'माझ्याजवळ राहा'. पुन्हा पुन्हा जन्म घेणारं आणि पुन्हा पुन्हा मरणारं मूल म्हणजे 'अबिकू', असा योरुबा लोकांचा जुना समज. अशा मुलाला थांबवायला विनवणीची नावं ठेवतात. हे वाचताना मला काही आठवलं नव्हतं. पुस्तक परत करायला आलेल्या एका आजींनी आठवण करून दिली. म्हणाल्या, "माझे सासरे दगडू. त्यांच्या आधीची तीन गेली होती." मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू ठेवायचं, म्हणजे काळाची नजर त्याच्यावर पडत नाही, हे आपल्याकडचं. तिकडे बाळाची विनवणी, इकडे काळाला चकवा. आजी काउंटरला धरून बराच वेळ उभ्या होत्या. मागच्या रांगेतलं कुणी काही बोललं नाही.

येजिदेच्या मुलांना ग्रासणारा आजार सिकलसेलचा, रक्ताचा, आईबापांकडून येणारा. गडचिरोली-नंदुरबारकडे राहिलेल्यांना तो ऐकून माहीत असतो. आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर दर बाळंतपणात तो आजार बाळात उतरण्याची शक्यता चारात एक. कादंबरीत हे कोष्टक पाठ्यपुस्तकासारखं येत नाही, एका दवाखान्यातल्या बातमीसारखं येतं आणि घर हादरवतं.

दुःख आहे, खोटं कशाला सांगू. पण मूळ प्रश्नातला 'दुःखाचं' हा शब्द ऐकला की मला वाटतं, वाचकाच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचा दुष्काळ आणि बंदूकधारी पोरं आहेत. सवत, सासू, बँकेची नोकरी, सलूनमधल्या गप्पा यांची कल्पना त्याने केलेलीच नसते.

हे पचलं की युगांडाच्या जेनिफर नान्सुबुगा मकुंबी यांची 'किंटू'. सुरुवातीला कंपालाच्या बवाइसे वस्तीत २००४ साली जमाव चोर समजून एकाला मारतो, आणि मग गोष्ट थेट १७५० मध्ये जाते. म्हणजे आपल्याकडे शाहू छत्रपती नुकतेच गेले होते, तो काळ. एका सरदाराच्या हातून, एका थपडेने, मानलेला मुलगा मरतो. त्या मुलाच्या जन्मदात्याचा शाप पुढच्या पिढ्यांना पुरतो. विखुरलेलं भाऊबंद शेवटी शापमुक्तीसाठी मूळ जागी जमतं. मधल्या इंग्रजी राजवटीला लेखिकेने जवळजवळ जागाच दिलेली नाही, आणि मला ते फार आवडतं. नावं लांब आहेत, माणसं पुष्कळ आहेत. पहिल्या पानावर कागद ठेवा आणि वंशवेल काढत जा.

अब्दुलरझाक गुर्ना यांचं नाव २०२१ च्या नोबेलमुळे तुम्ही ऐकलं असेल. त्याच वर्षी बुकर दक्षिण आफ्रिकेच्या डेमन गालगुट यांना आणि फ्रान्सचा गाँकूर पुरस्कार सेनेगलच्या मोहम्मद म्बुगार सार यांना मिळाला होता. गुर्नांची 'आफ्टरलाइव्ह्ज' जर्मनांच्या ताब्यातल्या पूर्व आफ्रिकेत घडते. त्यातल्या खलिफाचा बाप गुजरातेतून आलेला. मोसमी वाऱ्यांवर गलबतं या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्याला जायची, त्याच्या खुणा भाषेतही आहेत. तिकडच्या स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका' आणि गाडीला 'गारी' म्हणतात; हिशेबाचा 'हेसाबू' आणि जगाची 'दुनिया' हे शब्द मात्र दोन्हीकडे अरबीतून आलेत. हे पुस्तक मात्र निवांत वाचायचं, त्याला घाई सोसत नाही.

कविता कुणी मागत नाही, तरी मी देते. दक्षिण आफ्रिकेच्या कोलेका पुटुमा यांच्या 'कलेक्टिव्ह अम्नेशिया' या २०१७ च्या संग्रहात 'वॉटर' नावाची कविता आहे. वर्षअखेरीला काळी कुटुंबं समुद्रावर येतात. पोरींनी नव्याने घातलेल्या केसांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्यात. मोठी माणसं बजावतात, फार आत जाऊ नका. ज्या देशात किनारेसुद्धा रंगावरून वाटले गेले होते, ज्या पाण्यावरून गुलामांची जहाजं गेली, तिथे ही ताकीद साधी राहत नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी तळ्याकाठी काय झालं ते जाणणाऱ्या वाचकाने ती मोठ्याने वाचावी. माझा आवाज दर वेळी त्या पिशव्यांपाशी अडकतो.

दुसरी वॉर्सन शायर यांची 'होम'. सोमाली आईबापांची लेक, लंडनमध्ये वाढलेली. घरच शार्कचा जबडा झाल्याशिवाय कुणी घर सोडत नाही, असं सांगणारी ही कविता.

दोन्ही मी वहीत उतरवून काउंटरच्या खणात ठेवल्यात, उभ्या उभ्या वाचून होतील. 'स्टे विथ मी' शनिवारी परत येणार आहे. तुमचं नाव लावून ठेवते.